दोधूने प्यायलेलं एरंडेल

शांतीबाईला पंधरा दिवस सकाळी ओकाऱ्या होत होत्या, भाकरीचा वास सहन होत नव्हता, आणि चुलीमागची माती मात्र ती चोरून खायची. लग्नाला आठ वर्षं झालेली, घरात पोर नाही, सासू नाही, विचारायचं कुणाला? ही आता हातची जाते, असं धरूनच दोधू तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळच्या आपल्या खेड्यातून पहाटे निघाला आणि तीन कोस चालून सबनीस डॉक्टरांच्या दवाखान्यात पोचला.

शांतीबाई आली नाही. परक्या पुरुषाला हात दाखवण्यापेक्षा मेलेलं बरं, म्हणाली. आणि दोधूची तऱ्हा तर विचारूच नका! सन छत्तीसची गोष्ट. परक्यापुढे बायकोचा विषय काढायचीच चोरी, तिथे तिच्या पोटाबद्दल कोण बोलतो? डॉक्टरांनी "काय होतंय?" म्हणताच गडी घामाघूम झाला आणि सगळं दुखणं स्वतःच्या अंगावर घेऊन मोकळा झाला.

"सकायले उलटी व्हस. चक्कर येस. माती खावानी वाटस."

डॉक्टरांनी त्याची जीभ पाहिली, पोट दाबलं. "जंत आहेत. एरंडेल घ्यावं लागेल."

"जंत? मन्हा पोटमा? पण साहेब, मन्हं पोट ते बरं शे!"

"बरं आहे, तर आलात कशाला?"

दोधूने घाईने विषय बदलला. "मंग बांधी द्या. घर जाईसन पिसू."

"घरी नेऊन ओतून देता तुम्ही लोक. इथंच प्या, माझ्यासमोर."

दोधू प्यायला. बायकोच्या जिवाचा प्रश्न, डॉक्टरशी भांडण कसं करणार? परतताना तो वाटेवर कमी आणि ज्वारीच्या शेतात जास्त होता. घरी आला तो भिंत धरत.

"औषध कोठे शे?" शांतीबाईने विचारलं.

"मन्हा पोटमा व्हतं. आते तठे बी नई."

"तुम्हना पोटमा? मंग मन्ही उलटी कशी थांबी?"

तिने गळाच काढला. तो ऐकून शेजारच्या रेवाबाई धावत आल्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्याच हातची. त्यांनी शांतीबाईच्या कानात दोन प्रश्न विचारले आणि कपाळावर हात मारला.

"अरे गध्या, तिले तिसरा महिना चालू शे! तू कसाले औषध पिना?"

दोधू हसला, रडला, आणि पुन्हा शेताकडे पळाला.

बातमी गावभर झाली, पण वाटेत तिचं भलतंच झालं. आठ वर्षं पाळणा हलला नाही, दोधूने डॉक्टरांचं औषध घेतलं, आणि त्याच संध्याकाळी घरात गोड बातमी! तिसऱ्या महिन्याचं कुणी ध्यानातच घेतलं नाही.

सोमवारी सबनीसांनी दार उघडलं, तर बाहेर सात धडधाकट गडी ओळीने बसलेले. सगळ्यांना दोधूचंच औषध हवं होतं, आणि तेही इथंच प्यायचं होतं. डॉक्टर चक्रावून गेले.

"अरे, पण तुम्हाला होतंय काय?"

पुढे बसलेल्या उखा नावाच्या गड्याने मान खाली घातली.

"काहीच व्हत नई, साहेब. लगीनले बारा वरीस व्हई ग्यात."