खोबणीतली अक्षता

पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, की हार्ड डिस्क सापडत नाही, आणि कारकून श्रीकृष्णराव खुर्चीतून ताडकन उठले. घाटंजीच्या कापूस खरेदी केंद्राच्या आवारात एकशे एकोणीस बैलगाड्या उभ्या होत्या. कुणाचं माप आधी आणि कुणाचं नंतर, हे सांगणारी यादी त्या न सापडणाऱ्या डिस्कमध्ये होती. गेल्या हंगामात नंबरच्या चिठ्ठ्यांचा काळाबाजार झाला, म्हणून यंदा चिठ्ठ्या बंद. रोज सकाळी यंत्रातून नावं छापायची, मोठ्यानं वाचायची, की गाड्या काट्यावर. मोठे साहेब यवतमाळला मीटिंगला गेलेले आणि वर आभाळ भरून आलेलं. त्या वर्षी कोरड्या कापसालाही धड भाव नव्हता, ओल्याला कोण हात लावणार? माणसं आधीच तापलेली होती.

"जमीरभाई, काहीतरी करा," श्रीकृष्णराव कुजबुजले.

यंत्र जमीर मेकॅनिकच्याच हातचं होतं. नागपूरच्या भंगारातून त्यानं जुन्या तिकीट-यंत्रांचे बोर्ड पोतंभर आणले होते. त्यातलाच एक प्लायवुडच्या खोक्यात बसवून त्यानं केंद्राचा कॉम्प्युटर तयार केला होता. काल संध्याकाळी पंख्यात अडकलेली रुई काढायला त्यानं खोक्याचं झाकण उघडलं, डिस्कची केबल उपटली, आणि तेवढ्यात भारनियमनाची वीज गेली. आज सकाळी येऊन केबल लावली, तर हे.

श्रीकृष्णरावांची भीती मात्र दुहेरी होती. त्यांचा मेहुणा सलील काल दुपारी सगळ्यांत शेवटी आला, आणि त्यांनी त्याचं नाव गुपचूप नवव्या नंबरवर, रांगेत खऱ्या नवव्या असलेल्या मथुराबाईंच्या आधी, घुसवलं होतं. सलीलच्या एका बैलाचा पाय सुजला होता. "माह्या भावाले तिथं चार दिवस सडवसान, त तुमचा डबा तुमीच करजा," असं सुचित्राबाईंनी बजावलं होतं. यादी गेली तर बाहेरचे सोडणार नव्हते, आणि सलील मागे राहिला तर घरचे.

जमीरनं दुसरी केबल लावून पाहिली. लाल काठ एक नंबरच्या पिनवर आहे ना, ते तपासलं. डिस्कच्या पाठीवरची टिकलीएवढी टोपी काढून दुसऱ्या पिनांवर बसवली. मग डिस्कला कान लावला.

"फिरून त राह्यली साहेब. जीव हाय. पन बोर्डाले दिसून नाही राह्यली."

"तो बोर्ड तिकिटांचा ना? कापसाची यादी त्याले झेपली नसन."

जमीरनं केबल पुन्हा उपटली आणि खिशातून चिमटा काढला.

खिडकीचा गज वाजला. रांगेतली पहिली गाडी देवसिंगची, तो हातात बैल हाकायची पराणी घेऊन उभा होता. "बाबू, पानी आल्यावर नावं वाचसान काय?"

"मशीन बिघडलं," श्रीकृष्णरावांच्या तोंडून निसटलं.

बाहेरची माणसं न ओरडता खिडकीकडे सरकली. आरडाओरडा परवडला असता. श्रीकृष्णराव मागे सरकत सरकत भिंतीला टेकले. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मथुराबाई पुढे आल्या. पाच दिवस त्या आवारातच मुक्कामाला होत्या.

"त्यात काय हाय एवढं? माह्या ध्यानात हाय सारं. लिहा. पयली देवसिंगची, शिंगमोड्या बैलाची. दुसरी लखीरामची."

प्रत्येक नावाला गर्दी माना डोलवत होती. श्रीकृष्णराव पेन्सिलीनं लिहीत होते. "आठवी रुपीबाईची. नववी माही." पेन्सिल थबकली, पण बाई थांबल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "आन एकशे एकोनीसावी काल दुपारी आलेल्या त्या लंगड्या बैलाची."

"चला काट्यावर," देवसिंगनं कागद ओढून घेतला. "मशीन सुदरलं का दोनी याद्या जुळवून पाहू. म्हंजे भांडनच नाही."

सगळ्यांना ते पटलं. श्रीकृष्णरावांना मात्र मशीनमधला नववा नंबर आठवला. सकाळपासून ते, देवा, मशीन चालू होऊ दे, म्हणून विनवत होते. आता त्यांनी त्याच देवाला उलटं साकडं घातलं, आणि तेवढ्यात जमीर ओरडला, "सापडलं!"

चिमट्याच्या टोकाला तांदळाचा एक दाणा होता, कुंकवानं लाल झालेला.

केंद्रात रोज सकाळी काट्याला हळदकुंकू वाहायची रीत होती. श्रीकृष्णरावांना काट्यापेक्षा कॉम्प्युटरची भीती जास्त, म्हणून ते त्यालाही अक्षता वाहत. रोज त्या झाकणावर पडत. आज झाकण नव्हतं.

"खोबनीत तांदूळ, मंग केबल पुरी बसन कशी?" जमीर म्हणाला.

"जमीरभाई, तो परत टाका."

"काय?"

"तांदूळ. होता तिथंच."

"मी मेकॅनिक हाय साहेब. बिघडलेलं सुदरवतो. सुदरलेलं बिघडवनं मले जमत नाही." दाणा कागदावर ठेवून जमीर उठला. "नमाजची वेळ झाली. येऊन चालू करतो."

यादी हळूच दुरुस्त करावी, तर डिस्क लागलेली नव्हती, आणि स्वतः केबल लावायची श्रीकृष्णरावांची छाती नव्हती. त्यात देवसिंगचं माप आटोपलं आणि तो खिडकीशी पहारा द्यायला येऊन बसला. श्रीकृष्णरावांनी त्याच्याकडे पाठ केली, हात जोडले, आणि दाणा खोबणीत सोडला.

जमीर परतला. त्यानं केबल दाबली, ती बसेना. चिमटा घालून त्यानं एक तांदूळ काढला, मग दुसरा. "साहेब, मी त एकच काढला होता."

श्रीकृष्णरावांनी खात्रीसाठी पूजेच्या ताटातला आणखी एक टाकला होता. जमीरनं मान हलवली आणि केबल बसवली. पडद्यावर डिस्कचं नाव आलं.

"लागली रे!" देवसिंगनं हाळी दिली. आवार खिडकीशी गोळा झालं. प्रिंटर करकरला, आणि श्रीकृष्णरावांनी हात लावण्याआधीच देवसिंगनं खिडकीतून कागद ओढला. तो छापील नावं वाचू लागला, आणि लखीराम पेन्सिलीची यादी घेऊन हो म्हणू लागला. सातवं जुळलं. आठवं जुळलं. श्रीकृष्णरावांनी डोळे मिटून घेतले.

"नववा, सलील," देवसिंग म्हणाला.

"सलील," लखीराम म्हणाला. "जुळलं."

श्रीकृष्णरावांनी डोळे उघडले. लखीरामच्या कागदावर सलीलचं शेवटचं नाव खोडून ते मथुराबाईंच्या नावाच्या वर लिहिलं होतं.

"त्याचा बैल आवारात बसूनच गेला ना," लखीरामनं सांगितलं. "मंग मथुराबाईनं आपल्या आधी घेतलं त्याले. दुखऱ्या बैलाची गाडी पुढं, हे त रांगेत चालतेच. पन मशीनले कसं समजलं राजेहो?"

गर्दी चाट पडली. देवसिंगनं यंत्राला हात जोडले. कुणीतरी आत येऊन पूजेच्या ताटातल्या मूठभर अक्षता उचलल्या, तसा जमीर दोन्ही हात पसरून उघड्या खोक्यावर आडवा झाला.

मथुराबाईंनी हात जोडले नाहीत. त्या श्रीकृष्णरावांजवळ आल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या, "बाबू, साळा तुमचाच ना तो? मले मागतला असता, त कालच देल्ला असता नंबर."