पालथे अण्णा

जमिनीवर काय अंथरायचं, यावरून अंकिता आणि आवेजचं सकाळपासून जुंपलं होतं.

दोघं सोलापुरातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात एका वर्गात होते. पुण्यातली नोकरी सोडून आलेल्या अंकितानं सोलापूरच्या शुक्रवार पेठेत, आवेजच्या चाचांच्या फ्लेक्सच्या दुकानावर, ड्रोननं जमीन मोजून देण्याचं ऑफिस थाटलं होतं. ड्रोन आवेज उडवायचा आणि नकाशा अंकिता करायची. ड्रोन वरून फोटो छान काढतो, पण फोटोतली जमीन नेमकी कुठं आहे याचा त्याला फक्त अंदाज असतो. म्हणून जमिनीवर ठिकठिकाणी खुणा अंथरायच्या, प्रत्येक खुणेचा मध्य जीपीएसच्या काठीनं मोजायचा आणि मग फोटो त्या खुणांना टाचायचे. शिंपी कापडाला टाचण्या लावतो तसंच. या खुणांना ते टार्गेट म्हणत. टार्गेट वरून ठळक दिसलं पाहिजे, त्याचा मध्य कळला पाहिजे आणि मुख्य म्हणजे ते हलता कामा नये. टार्गेट हललं की नकाशा लंगडतो.

आवेजचं म्हणणं होतं की चुन्याच्या फक्कीनं फुल्या माराव्यात आणि मोकळं व्हावं. अंकितानं त्याला अकलूजकडच्या कामाची आठवण करून दिली. तिथं फक्कीच्या फुल्या बघून हायवे येतोय अशी बोलवा उठली होती, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक फुलीवर कुणी डाळिंबाची रोपं लावली होती, तर कुणी पत्र्याचं शेड उभं केलं होतं. त्यानंतर त्यांनी रंगवलेल्या फरश्या नेऊन पाहिल्या. त्या धुणं धुवायला इतक्या सोयीच्या निघाल्या की एकही परत मिळाली नाही.

"पुस्तकात लिहिलंय तसंच करायचं," अंकिता म्हणाली. "काळे-पांढरे त्रिकोण. फ्लेक्सवर."

आवेज खाली चाचांकडे गेला. मैनुद्दीनचाचांचं छापायचं मशीन नेमकं बिघडलं होतं. पण चाचा माणूस मोठा दिलदार. त्यांनी कोपऱ्यातला एक गठ्ठा पुढं सरकवला. विजेच्या खांबाला लटकवायचे चौकोनी फ्लेक्स होते ते, कुणाच्या तरी वाढदिवसाचे. 'कार्यसम्राट'च्या जागी 'कार्यसमाप्त' छापलं गेल्यामुळं गिऱ्हाइकानं ते घ्यायला नकार दिला होता.

"पिच्छेसे कोरे हैं बेटा," चाचा म्हणाले. "रंग मारो और लेके जाओ."

दोघांनी गच्चीवर बसून मागच्या बाजूला काळे त्रिकोण रंगवले. पुढच्या बाजूला गॉगल, भरघोस काळी मिशी, कानाला मोबाईल आणि खाली 'आपले अण्णा' असं होतं. असे अण्णा जिल्ह्यात गावोगावी असतात, त्यामुळं कुणी त्यांच्याकडं दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

काम करकंबजवळच्या एका वाडीतलं होतं, तेही चाचांच्याच ओळखीनं आलेलं. वाडीच्या गावतळ्यात किती गाळ साचलाय ते मोजायचं होतं, आणि ते तळं कोरडं असतानाच मोजता येणार होतं. कॅनॉलचं पाणी मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी येणार होतं. ते आलं की पुन्हा वर्षभर थांबा. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच मोठं काम, त्यामुळं अंकिता भल्या सकाळी तळ्यावर हजर होती.

तळ्याच्या कमिटीचे अध्यक्ष मानसिंगराव त्यांना घ्यायला आले. फोनवर त्यांचा आवाज दणदणीत वाटायचा. समोर मात्र टक्कल पडलेले, बारीक पांढऱ्या मिशीचे आणि जाड चष्म्याचे एक प्रेमळ गृहस्थ उभे होते. आधी चहा झाला. मग अंकिता आणि आवेजनं तळ्याच्या काठानं आणि तळाशी फ्लेक्स अंथरले, रंगवलेली बाजू वर. प्रत्येकाच्या बरोबर मध्यावर मोठा खिळा ठोकला आणि त्यावर काठी टेकवून जागा मोजली. शेवटचं टार्गेट मोजून होईतो वारं सुटलं. मानसिंगराव म्हणाले, वारं पडंस्तवर जेवून घ्या. त्यांच्या घरी कडक भाकरी, आमटी आणि शेंगाचटणी होती, आणि आग्रहाचं सांगायलाच नको.

इकडं तळ्याकडं बजाबाई शेरडं घेऊन आल्या. या मानसिंगरावांच्या चुलत्या. त्यांना सगळं गाव बजाकाकी म्हणायचं आणि त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही. जमिनीवरचं ते काळं-पांढरं काय आहे म्हणून त्यांनी काठीनं एकाचा कोपरा उचलला. खाली पुतण्या होता. मातीत पालथा, आणि नाकातून खिळा आरपार.

बजाकाकींनी दुसरा उचलला. तोही पुतण्याच. तिसराही तोच.

कुणीतरी मानसिंगावर करणी केली, ही बातमी वाडीत पसरायला कितीसा वेळ लागणार. जेवण उरकून मानसिंगराव पाहुण्यांसह तळ्यावर आले, तेव्हा काठावर गर्दी जमली होती. खिळे उपसून एका बाजूला रचले होते आणि सगळे फ्लेक्स उलटे करून, नीट पुसून, तळ्यात मांडले होते. जिकडंतिकडं गॉगल लावलेले अण्णा आभाळाकडं बघत मोबाईलवर बोलत होते.

अंकितानं एकदा फ्लेक्सकडं पाहिलं आणि एकदा मानसिंगरावांकडं. मनातल्या मनात काळी मिशी पांढरी केली, गॉगल काढून चष्मा लावला, डोक्यावरचे केस उतरवले, तर फ्लेक्सवरचे अण्णा म्हणजे मानसिंगरावच निघाले. आवेजनं मान खाली घातली, ती वर काढायला तो तयारच नव्हता.

तिनं जे झालं ते खरंखरं सांगितलं. फोटोतले अण्णा म्हणजे तुम्हीच हे आम्हाला खरोखर ओळखू आलं नाही, हेही सांगितलं, आणि सांगून झाल्यावर हे वाक्य गाळलं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. मानसिंगरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना ना खिळ्याचं वाईट वाटलं होतं, ना मातीचं. त्यांची नजर फ्लेक्सच्या तळाशी असलेल्या त्या एका शब्दावर खिळली होती.

"काय लिवलंय रं ते खाली?" बजाकाकींनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"कार्यसम्राट," मानसिंगराव घाईघाईनं म्हणाले, आणि अंकिताला बाजूला घेऊन हलक्या आवाजात बोलले, "ताई, समदी पालथी घाला आदी. गावाला वाचता येतंय."

अंकिताला तेच हवं होतं. रंगवलेली बाजू वर आली की काम पुस्तकातल्यासारखं होणार होतं. ती पहिल्या फ्लेक्सला हात घालणार तोच बजाकाकी त्यावर आपली काठी आडवी ठेवून उभ्या राहिल्या.

"जित्या माणसाला पालथं घालत्यात व्हय? आन खिळा ठोकायचा न्हाय. मी हितनं हलायची न्हाय."

काठावरच्या मंडळींनी माना डोलावल्या. अण्णांचे चार विरोधकही त्यात होते. अण्णा उताणेच राहावेत, असा त्यांचाही आग्रह पडला. त्यांना वाचता येत होतं.

आता मोठी पंचाईत झाली. गाव पालथं घालू देईना आणि अण्णा उताणं राहू देईनात. शेवटी अंकितानंच तोड काढली. फ्लेक्सची खालची पट्टी आत दुमडायची आणि त्यावर माती लोटायची. चेहरा वर राहील, शब्द खाली जाईल. खिळे फक्त कडांना मारायचे. बजाकाकींना हे पटलं आणि मानसिंगरावांनी तर स्वतः माती लोटायला सुरुवात केली.

पण आता मध्य कुठला धरायचा? आवेज एका फ्लेक्सपाशी उभा राहून बराच वेळ खाली बघत होता. मग त्यानं अंकिताला बोलावलं.

"बघ की. चेहरा गोरा, गॉगल काळाभोर. दोन काचांच्या मधोमध नाक सुरू होतंय बघ. आपल्या त्रिकोणांपेक्षा साफ दिसतंय."

अंकिताला हे मान्य करणं जड गेलं, पण ते खरं होतं. तिनं सगळी मोजणी नव्यानं सुरू केली. जीपीएसच्या काठीचं टोक दोन भुवयांच्या खाली, नाक सुरू होतं तिथं टेकवायचं आणि आकडा स्थिर होईपर्यंत धरून ठेवायचं. बजाकाकी प्रत्येक अण्णापाशी तिच्या मागोमाग यायच्या आणि हळू टेकीव गं म्हणून बजावायच्या. मानसिंगरावही मागं होते. काठी टेकली की त्यांचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडं जायचा.

निम्म्याहून जास्त अण्णा मोजून झाले आणि मानसिंगरावांचा फोन वाजला. कॅनॉलवरच्या पाटकऱ्याचा होता. उद्या यायचं पाणी आजच सोडलं होतं आणि ते तळ्याकडं येणाऱ्या चारीला लागलंही होतं. मग मात्र सगळ्यांची पळापळ झाली. उरलेल्या नाकांवर अंकितानं धावत काठी टेकवली. आवेजनं ड्रोन वर सोडला. काठावरच्या गर्दीनं माना वर केल्या.

ड्रोन शेतात नांगरानं तास धरल्यासारखा तळ्यावरून जाऊ-येऊ लागला. पलीकडच्या टोकाला चारीच्या तोंडातून पाणी आलं. आधी नुसती ओल, मग गढूळ धार, आणि धारेच्या वाटेतच एक फ्लेक्स. ड्रोन अजून तिथं पोचायचा होता.

"तो शेवटचा अण्णा उठायलाय," आवेज रिमोटवरची नजर न काढता म्हणाला.

खरंच, पाण्यानं एक कड सोडवली होती आणि चेहरा हळूहळू फुगायला लागला होता. अंकिताला आपला नकाशा लंगडताना दिसू लागला. ती धावली, पण मानसिंगराव तिच्या आधी पोचले. त्यांनी चपला काढल्या. स्वतःच्याच फोटोपाशी चपला काढल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नसावं. विजार गुडघ्यापर्यंत ओढून ते पाण्यात बसले, दोन्ही तळव्यांनी आणि दोन्ही टाचांनी चार कोपरे दाबून धरले. पुढं वाकू नका, डोकं आड येतंय, असं आवेजनं लांबून ओरडून सांगितलं. त्यावर त्यांनी मान मागं टाकली आणि आभाळाकडं पाहत राहिले. खाली काळ्या मिशीचे अण्णा तेच करत होते.

ड्रोन डोक्यावरून गेला, वळून परत आला, पुन्हा गेला. मानसिंगरावांची विजार चिंब भिजली, पण फोटोतला चेहरा अजून पाण्यावर होता. बजाकाकींनी पदर तोंडाला लावला होता. सुरुवातीला तो काळजीनं लावला होता. नंतर मात्र त्यांचे खांदे हलू लागले, आणि त्यांचं बघून सगळं गाव हसायला लागलं. मानसिंगराव तेवढे हसले नाहीत. आवेजनं हात वर केल्यावर त्यांनी कोपरे सोडले आणि मग पाण्यात बसल्याबसल्याच पोटभर हसून घेतलं.

नकाशा मुळीच लंगडला नाही. अंकितानं ऑफिसात बसून फोटो टाचले, तेव्हा सगळे बिंदू जागच्या जागी बसले. इतके चांगले आकडे तिला काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांवर कधीच मिळाले नव्हते. तिनं हे आवेजला सांगितलं नाही, पण त्यानं ते स्क्रीनवर वाचलं. ग्रामसभेत नकाशा पडद्यावर लावला, तेव्हा गाळाचा प्रश्न चटकन निकालात निघाला आणि उरलेला वेळ लोक पाण्यातले दोन अण्णा पुन:पुन्हा मोठे करून बघत राहिले. मानसिंगरावांनी त्या फोटोची एक प्रत मागून घेतली. बजाकाकींनीही एक मागितली.

ही गोष्ट फिरत फिरत पार अक्कलकोटच्या बाजूला पोचली. एका दुपारी तिकडचे चनबसप्पा नावाचे जाडजूड पुढारी जिना चढून ऑफिसात आले. त्यांच्या गावचा पाझर तलाव मोजायचा होता. "हौदु, जमिनीवर डाग जो ठेवताव न्हवं, तो आमच्या फोटोचाच पायजे," असं त्यांनी बसायच्या आधीच कानडी हेलात बजावलं आणि पिशवीतून फोटो काढले.

अंकितानं ते ओळीनं जमिनीवर मांडले आणि खुर्चीवर चढून वरून पाहू लागली. पहिल्यात पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि मागं पांढरी भिंत असल्यानं माणूस सापडतच नव्हता. दुसऱ्यात हारच इतका होता की मध्य कळेना. तिसऱ्यात त्यांच्या शेजारी त्यांच्याएवढाच जाड मेहुणा होता. ती एकेक बाद करत गेली तसे चनबसप्पा कष्टी होत गेले.

"त्या करकंबच्या माणसानं काय केलता वो?" त्यांनी विचारलं.

आवेजनं सांगितलं की ते पाण्यात बसले होते, फोटो धरून.

चनबसप्पांनी थोडा विचार केला. मग ते उठले, चपला काढल्या, आणि फोटो बाजूला सारून ऑफिसच्या फरशीवर हात पसरून उताणे पडले.

"फोटो कशाला लागतंय? मीच पडतो की. तो बसलाय, मी पडतो."

आता अंकिता पुस्तकातले नियम सांगेल म्हणून आवेज तिच्या तोंडाकडं पाहू लागला. अंकिता खुर्चीवरून खाली बघत होती. अंगात पांढराशुभ्र सदरा, त्यावर काळंभोर जाकीट, आणि पोटाच्या अगदी मधोमध एक पितळी बटण लखलखत होतं. तिनं मान जरा तिरकी करून पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं पाहिलं.

"हलणार नाही ना?" तिनं विचारलं.