हरकती मागवल्या आहेत

पाणीपुरवठा कार्यालयातल्या आवक-जावक टेबलावरच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त काळजी हेडक्लार्कना लागली. मुलीच्या वडिलांनाही एवढी लागली नसेल. लग्न अँग्लिकन चर्चमध्ये होणार होतं आणि कार्यालयातल्या बाकीच्या बारा जणांपैकी एकानेही आजवर चर्च आतून पाहिलेलं नव्हतं.

"काही चुकलं तर कार्यालयाची अब्रू जाईल," हेडक्लार्क म्हणाले.

"लग्नालाच जायचंय साहेब," लेखापाल म्हणाले, "तपासणीला नाही."

"म्हणून काय, तयारी नको?"

त्यांनी मुलीला समोर बसवलं, कोरा कागद घेतला आणि तासभर तिची उलटतपासणी केली. दुपारपर्यंत परिपत्रक तयार. अर्धा तास आधी पोहोचावे. पुढची दोन बाके घरच्यांची असतात, तिकडे फिरकू नये. नवरी आत येताना उभे राहावे. मान वळवून पाहिलेले चालते, फोन उंचावून चालत नाही. गाणी उभ्याने म्हणतात; येत नसल्यास पुस्तक हाती धरून नुसते ओठ हलवावेत. प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटावेत, परंतु घोरू नये. हे शेवटचं कलम मीटर विभागातल्या जाडेभाऊंसाठी आहे, हे नाव न लिहिताही सगळ्यांना कळलं.

एका कलमापाशी मात्र त्यांचं पेन अडलं.

"मग लग्न लावणारे पाळकसाहेब विचारतात, या लग्नाला कुणाची कायदेशीर हरकत आहे का," मुलगी सांगत होती. "असेल तर तेव्हाच बोलायचं. आधी तीन रविवार चर्चमध्ये तशी सूचनाही वाचतात."

"तीनदा हरकती मागवल्या?" हेडक्लार्क खूश झाले. "काय व्यवस्थित कारभार आहे! उत्तरं किती आली?"

"एकही नाही, काका."

हेडक्लार्कचा चेहरा उतरला. अठ्ठावीस वर्षं ते एकच गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात भरवत आले होते: सांगण्यासारखं काही नसलं, तरी 'निरंक' असं लिहून कळवायचं. न कळवणाऱ्या शाखेला ते स्मरणपत्रं पाठवून पाठवून जेरीस आणत.

"म्हणजे प्रकरण अजून प्रलंबितच आहे की!"

"तसं नसतं हो काका. तिथं गप्प बसणं म्हणजेच होकार." मग तिचा आवाज पडला. "निदान बाकीच्यांचं तरी."

बाकीच्यांचं, म्हणजे सासूबाई सोडून. नवरदेवाची आई निवृत्त मुख्याध्यापिका होती. लग्न ठरल्याचं मुलाने सांगितलं, त्या दिवसापासून बाई होणाऱ्या सुनेशी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या. भांडण नाही, टोमणा नाही. ती घरी गेली की चहा पुढे करायच्या आणि खिडकीबाहेर बघत बसायच्या.

"काय खुपतंय ते बोलून तरी टाकावं त्यांनी," मुलगी डबा खाता खाता रडवेली होऊन म्हणायची. "उद्या त्याच घरात राहायचंय मला. असं मुक्यानं किती दिवस काढू?"

हेडक्लार्क आपल्या डब्यातली चटणी तिच्यापुढे सरकवायचे.

लग्नाच्या दिवशी ही मंडळी सव्वा तास आधी पोहोचली. दाराला कुलूप होतं. अर्धा तास आधी सगळेच येतात, म्हणून त्याच्याही आधी यावं, असा हेडक्लार्कनी हिशेब केला होता. कुलूप उघडल्यावर बारा जण आणि हेडक्लार्कची बायको नवरीच्या बाजूच्या तिसऱ्या-चौथ्या बाकावर शिस्तीत बसले. पुढचं सगळं परिपत्रकाबरहुकूम पार पडलं. नवरी आली, सगळे उभे राहिले. गाणं सुरू झालं, ओठ हलले.

"नुसते ओठ हलवा म्हणालात ना?" हेडक्लार्कची बायको कुजबुजली. "मग गाताय कशाला?"

"चाल सोपी आहे गं."

गाणं संपलं. पाळकसाहेबांनी पुस्तकातून मान वर केली आणि तो प्रश्न विचारला. या लग्नाला कुणाची हरकत असल्यास त्याने ती आत्ताच सांगावी.

पाळकसाहेबांची एक सवय होती. हा प्रश्न विचारून ते घाईने पुढे जात नसत. मनात दहा आकडे मोजत आणि तोवर सगळ्या बाकांवरून सावकाश नजर फिरवत. ती नजर फिरत फिरत हेडक्लार्कवर आली. अठ्ठावीस वर्षांत ज्या कुणी वरिष्ठाने त्यांच्याकडे असं पाहिलं होतं, तो उत्तराची वाट बघत होता. हेडक्लार्कनी कळ काढली, पण सातव्या आकड्याला त्यांचा धीर सुटला आणि ते ताडकन उभे राहिले.

"हरकत निरंक!"

बायकोने त्यांच्या कोटाचं टोक धरून ओढलं.

"आपली... हरकत आहे?" पाळकसाहेबांनी चष्मा वर सरकवला.

"नाही. नाही, हेच कळवायचं होतं."

पाळकसाहेबांच्या तीस वर्षांच्या सेवेत या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नव्हतं. आलेल्या उत्तराचं करायचं काय, हे पुस्तकात कुठेच नव्हतं. "बरं," पाळकसाहेब म्हणाले. "आभारी आहे."

इथे हे मिटलं असतं. पण खाली बसता बसता हेडक्लार्कनी सवयीने बाकावरून एक नजर टाकली, आणि ती नजर कार्यालयात सगळ्यांच्या ओळखीची होती. लेखापाल उठले. "लेखा शाखा, निरंक." शेजारच्याने कोपर मारल्यावर जाडेभाऊ डोळे चोळत उभे राहिले. "मीटर विभाग निरंक! कशाबद्दल आहे?"

पुढच्या बाकावर नवरीचे मामा होते. त्यांना वाटलं, हल्ली अशी पद्धत निघाली असेल, आपणच मागे राहायला नको. "मामाकडून निरंक," ते म्हणाले. मागून मैत्रिणींचा घोळका एका सुरात ओरडला. मग मधली वाट ओलांडून हे लोण वरपक्षात शिरलं. नवऱ्याचे मित्र निरंक, काका निरंक, आत्या निरंक. जाळीच्या ओढणीआड नवरीचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय, कळायला मार्ग नव्हता.

एक एक करत पाळी पहिल्या बाकावर आली. तिथे एकट्या मुख्याध्यापिकाबाई राहिल्या होत्या. अख्खं चर्च त्यांच्याकडे बघू लागलं. आपण हे काय करून बसलो, असं हेडक्लार्कना पहिल्यांदाच वाटलं. पाळकसाहेबांनी गडबडीने पुस्तकाचं पान उलटलं, पण तोवर बाई उठल्या होत्या.

"माझी हरकत होती," त्या म्हणाल्या.

"आई!" नवरदेव ओरडला.

"तू बोलू नकोस. प्रश्न तुला नाही विचारला."

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. त्याखेरीज त्यांना इलाजच नव्हता. "कोणती हरकत, बाई?"

"मला कुणी विचारलंच नव्हतं." बाईंचा आवाज शाळेच्या मैदानावर पोहोचेल असा होता, पण मध्येच तो थोडा कापला. "हा घरी आला आणि म्हणाला, लग्न ठरलंय. तारीख ठरलेली, पत्रिका छापलेली. अहो, शाळेची साधी सहल न्यायची तरी माझी सही लागायची! आणि एकुलत्या एका मुलाच्या लग्नात मला फक्त कळवण्यात आलं."

नवरदेवाने मान खाली घातली. त्याच्या हे ध्यानीमनीही नव्हतं.

"आणि आता?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"आता विचारलंत ना, एवढ्या लोकांनी माझ्याकडे बघून." बाईंनी सुनेकडे पाहिलं. महिन्याभरात पहिल्यांदाच, अगदी डोळे भरून. "मुलगी मला पहिल्या दिवसापासून आवडली आहे. सांगणार कुणाला? पुढचं वाचा, पाळकसाहेब. कधीची उभी आहे बिचारी, पाय दुखायला लागले असतील तिचे."