खर्जातले आप्पा

आमच्या शेजारचे शमुवेल आप्पा कोणतीही वस्तू विकत घेण्याआधी तिला वाजवून बघतात. नारळ, कलिंगड, माठ तुम्हीआम्हीही वाजवून घेतो. आप्पा खुर्ची वाजवतात. चपलांचा जोड एकमेकींवर आपटून कान देतात. एकदा दौंडच्या बाजारात त्यांनी कोबीच्या गड्ड्यावर बोटानं टकटक केलं आणि "ह्यो आतनं बोलत न्हाई," म्हणून परत ठेवला. भाजीवाली म्हणाली, "आजोबा, बोलणारा कोबी उद्या आणते." आप्पा दुसऱ्या दिवशी खरंच विचारायला गेले.

सवय नोकरीतली. आप्पा रेल्वेत होते, इथेच दौंड जंक्शनला. गाडी येऊन उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका चाकावर ठोका मारत जायचं आणि चाक धड आहे की तडकलंय ते आवाजावरून ओळखायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होताना हातोडी त्यांनी रेल्वेला परत दिली, ठोकणं मात्र घरी आणलं. "समदं आवाजात असतंय, सुनीता," असं ते मला दर दोन दिवसांनी ऐकवतात. या शास्त्रानुसार निवडलेला त्यांचा फ्रिज इतका मंजुळ गुणगुणतो की त्यात बर्फ होत नाही याचं त्यांना काहीच वाटत नाही.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि आप्पांच्या घराला माझ्या घराची भिंत लागून आहे, म्हणून त्यांच्या टॅबलेटची मी बिनपगारी मेकॅनिक. टॅबलेट त्यांच्या मुलानं, अनिलनं दिला. तो शिक्रापूरला कंपनीत आहे आणि खोली घेऊन तिकडेच राहतो. आईवडिलांचं तोंड रोज दिसावं एवढाच त्याचा हेतू. पण आप्पांनी कित्येक वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवलेली. त्यांनी पहिल्याच आठवड्यात टॅबलेटमध्ये पेटी शोधून काढली, आणि तेव्हापासून अनिलला व्हिडिओ कॉलवर वाकून वाजवणाऱ्या वडिलांचं फक्त कपाळ दिसू लागलं.

एका सोमवारी सकाळी मी डबा भरत होते. आप्पा दारातूनच ओरडले, "सुनीता, शिंदेसायेब निम्म्यात आलाय!"

"कोण शिंदेसाहेब? आणि निम्म्यात म्हणजे? अपघात झाला का काय?"

"आगं, त्यो न्हाई का... शिंदेसायझर!"

त्यांनी टॅबलेट पोळपाटावरच ठेवला. सिंथेसायझरचं एक ॲप होतं. काचेवर पेटीसारख्या पट्ट्या, वर रंगीबेरंगी बटणं, आणि आत शेकड्यानं आवाज. मूळ किंमत खोडून खाली निम्मी किंमत लाल अक्षरांत झगमगत होती. पंधरा दिवस फुकट वाजवून बघा म्हणे, पण निम्मी किंमत रविवारी संध्याकाळी सहापर्यंतच.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. 'सवलत' हा शब्द दिसला की मला दम निघत नाही. मी ऐन मे महिन्यात दोन रेनकोट घेणारी बाई आहे. माझी कणीक तशीच राहिली. "आप्पा, घ्या! आत्ताच्या आत्ता घ्या! मी करून देते."

"आसं कसं? वाजवून तर बघू." आप्पांनी टॅबलेट छातीशी धरला. "रविवारपस्तोर गाडी उभी हाय."

मग आठवडाभर रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर मैफल बसू लागली. पहिल्या दिवशी आप्पांनी सवयीनं टॅबलेटलाच कान लावला. गाल काचेला लागला, कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि सगळं ॲप जपानी का चिनी भाषेत गेलं. ते परत आणताना माझी देवाची वेळ टळली. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना काचेपासून हातभर लांब बसवू लागले.

आणि काय ते आवाज! एक बासरी होती, ऐकताना अंगावर काटा आला. घंटा होत्या. काचेच्या पेल्यांवर कुणी चमचे वाजवावेत तसा एक आवाज होता, तो ऐकून गल्लीतली दोन मांजरं येऊन बसली. मी तर हरखूनच गेले होते. "आप्पा, हा! हाच! काय गोड आहे!"

"बारीक हाय."

"आणि हा?"

"पिपाणी."

"हा तरी?"

"ह्यो डास. फुडं."

प्रत्येक आवाजावर त्यांचा हात अगदी डावीकडच्या टोकाला जायचा, जिथं सगळ्यात जाड सूर असतात. खर्ज म्हणतात त्याला. तिथंच दोनतीन पट्ट्या दाबायच्या, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बरा हाय, पर पोटात येत न्हाई." बुधवारी माझी सहनशक्ती संपली. "तुम्हाला गाणं वाजवायचंय की दळण दळायचंय?" असं मी विचारलंसुद्धा. आप्पा शांतपणे म्हणाले, "दळण बी चालंल. आवाज यायला पायजे."

आता रूथमावशी. आप्पांची बायको. मावशींना ऐकू कमी येतं, त्यामुळे या दोघांचा संसार सगळ्या गल्लीला ऐकू येतो. कानाचं मशीन आहे, पण ते शिट्टी मारतं म्हणून मावशींनी त्याला सेफ्टी पिनांच्या डबीत टाकलंय. गंमत अशी की त्यांचे बारीक आवाज गेलेत आणि जाड तेवढे राहिलेत. दाराची बेल कळत नाही, फोन कळत नाही, शेजारी बसून आप्पांनी मारलेली हाक कळत नाही. पण लांब यार्डात मालगाडी हलली की लसूण सोलता सोलता मान वर न करता म्हणतात, "मालगाडी चालली वाटतं."

गुरुवारी आप्पांनी त्यांना रीतसर विचारलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. "रूथ! शिंदेसायझर घिऊ का घरात?"

"शिंदेसाहेब?" मावशी लगबगीनं पदर सावरत उठल्या. "मग घरात घ्या की! साहेब माणसाला बाहेर काय उभं करताय?"

"आज न्हाई! रविवारी! पाच वाजता!"

"मग चहाफराळाला बोलवा. मी करते सगळं."

मी तोंडात ओढणी कोंबली. "आप्पा, सांगा की त्यांना खरं!" तर आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. लई दिसांनी खुशीत हाय."

शनिवारी तो आवाज सापडला. नाव इंग्रजीत काहीतरी 'अंतराळ' वगैरे होतं. आप्पांनी डावीकडची शेवटची पट्टी दाबली आणि एकदम ताठ बसले. "ह्यो! ह्यो बघ, इंजिन लागल्यासारखा!" ते खरोखर उभे राहिले, मला टाळी दिली. मग टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरात धावले, मावशींच्या पाठीमागे उभे राहून पट्टी दाबली. टॅबलेट नुसता फरफरला. मावशी भाकरी थापत राहिल्या. आप्पांनी पुन्हा दाबली, पुन्हा. मावशींनी भाकरी उलटली.

आप्पा बाहेर येऊन ओट्यावर बसले. "जाऊ दे, सुनीता. न्हाई घेत."

मी उसळलेच. आठवडाभर माझं डोकं खाल्लंत, निम्म्या किमतीत मिळतंय, उद्या सहानंतर हात चोळत बसाल, असं बरंच काय काय बोलले. आप्पांनी ते सगळं ऐकून घेतलं.

"रूथ गायची," ते म्हणाले. "तू तवा हितं ऱ्हायला न्हवतीस. चर्चमधी मी पेटीवर आन् ती गायला. आमचं लगीन बी त्यातनंच जमलं. मग कान गेलं हळूहळू. एका नाताळाला गीत संपलं, पेटी थांबली, समदी गप झाली, आन् ही एकटीच गात ऱ्हायली. सूर बी भलतीकडंच. पोरं हसली. ती बी हसली त्यांच्यासंगं. घरी आल्याव म्हणली, आता बास. तवापास्नं गीताचं पुस्तक हातात धरून नुसती हुबी असती."

मी आत भाकरी थापणाऱ्या मावशींकडे बघितलं.

"मालगाडी ऐकू येती की गं तिला," आप्पा म्हणाले. "म्हटलं, पेटीच मालगाडीच्या आवाजात वाजवली तर?"

मला रडू येऊ लागलं की मी कामाला लागते. "आप्पा," मी जवळजवळ ओरडले, "दोष ॲपचा नाहीच! टॅबलेटचा स्पीकर केवढासा! आमच्या दिरांच्या हळदीला घेतलेला मोठा स्पीकर माळ्यावर पडलाय की!"

रविवारी चर्चहून आल्यावर मावशी कामाला लागल्या होत्या. पाच वाजता मी आणि आप्पा तो अवजड स्पीकर ढकलत आत आलो, तेव्हा टेबलावर ठेवणीतल्या कपबश्या मांडलेल्या, शंकरपाळी, चिवडा, आणि मावशी नवीन साडीत उभ्या. त्यांनी आमच्या पाठीमागे दारात बघितलं. "साहेब कुठायत?"

आप्पांनी टॅबलेट वर धरला. "ह्येच!"

मावशींनी चष्मा लावून टॅबलेटकडे बघितलं, मग चिवड्याच्या परातीकडे बघितलं. "एवढेसे?" म्हणाल्या, आणि अशा हसत सुटल्या की त्यांना खुर्चीत बसवावं लागलं.

वायरी जुळवण्यात माझा जीव गेला. एक वायर सापडेना, सापडली तर बसेना. शेवटी स्पीकरचा दिवा लागला तेव्हा सहाला थोडाच वेळ उरला होता. मी आप्पांना म्हटलं, "आधी घेऊन टाका, मग वाजवा." पण न वाजवता घेतील तर ते आप्पा कसले! त्यांनी डावीकडची शेवटची पट्टी दाबली.

कपबश्या थरथरल्या. खिडकीची काच घुमली. मला तो सूर पायांतून वर चढल्यासारखा वाटला. मावशींनी दचकून टेबलावर हात ठेवला, "गाडी आली?" म्हणत खिडकीकडे बघितलं, मग आप्पांकडे, मग त्यांच्या बोटाकडे. आणि म्हणाल्या, "अहो, आवाज कमी करा की! कप फुटतील माझे!"

आवाज कमी करा! इतकी वर्षं आम्ही सगळे त्या घरात ओरडून बोलतोय, आणि मावशी म्हणतायत आवाज कमी करा. आप्पांनी आवाज थोडा खाली घेतला आणि त्याच जाड सुरांत एक जुनं गीत धरलं, हळू, एकेक सूर लांबवत.

मावशी टेबलावर तळवा टेकून बसल्या होत्या. ओठ हलले. आधी नुसता घोगरा श्वास आला. मग आवाज आला, मध्येच फाटला, पुन्हा सापडला. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण सूर जुळलाय हे मलासुद्धा कळलं.

कडवं संपत आलं तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं. सहाला मिनिटभर कमी. आणि माझ्या लक्षात आलं की विकत घ्यायचं बटण त्याच टॅबलेटवर आहे. ते दाबायचं तर वाजवणं सोडायला हवं. मी आप्पांना खुणेनं घड्याळ दाखवलं. त्यांनी मान हलवली. कडवं संपलं, शेवटचा सूर त्यांनी सोडला आणि बोट पडद्याच्या कोपऱ्यातल्या लाल किमतीकडे न्यायला लागले.

मावशींचे डोळे मिटलेलेच होते. "दुसरं कडवं घेऊ?" त्यांनी विचारलं.

आप्पांचं बोट तिथंच थांबलं.

"घे," ते म्हणाले. मग मावशींना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, "समदी घे!" आणि त्यांनी दोन्ही हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवले.

सहा वाजून गेले. किंमत दुप्पट झालेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली, आणि चिवड्याची बशी मांडीवर घेऊन पोटभर रडले.