खालचं सगळं कुजलंय

फ्रिजचं दार आपोआप उघडायला लागलं, तेव्हाच अनुस्वारांनी खाली जमिनीकडे बघायला हवं होतं. त्यांनी दाराला सुतळी बांधली.

अनुस्वार हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. एक टिंब राहिलं की अख्खा फर्मा परत पाठवायचा हा त्यांचा खाक्या. त्यावरून पडलेलं नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. अशा माणसाच्या नजरेतून स्वयंपाकघराची जमीन मात्र सुटली. घर जुनं, जमीन लाकडी. वर फळ्या, त्यांना तोलणाऱ्या आडव्या तुळया आणि त्याखाली कमरेइतकी पोकळी. फ्रिज रोज थोडा जास्त वाकत होता. अनुस्वारांनी त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, मग आणखी एक सारली. आणि एका सकाळी चहाचा कप घेऊन सिंकपाशी उभे असताना त्यांचा उजवा पाय फळीतून थेट मांडीपर्यंत खाली गेला. चहा मात्र सांडला नाही.

त्या अवघडलेल्या अवस्थेत त्यांच्या मनात पहिला विचार आला, हे बायकोला कळता कामा नये.

बायको मुलीकडे गेली होती, दूरच्या शहरात. मुलीला जुळं झालं म्हणून महिनाभर गेलेली, आता जुळी रांगायला लागली तरी तिकडेच होती. निघताना अनुस्वार मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, "तू खुशाल राहा. घर सांभाळायला काय अक्कल लागते?" हे वाक्य आता त्यांना परत घेता येत नव्हतं. 'ये आता' म्हणायचं असं ठरवून ते रोज फोनला बसत आणि इकडची हवा बरी आहे एवढं सांगून उठत.

त्यांना सगळ्यात जड जाई ती सकाळ. इतकी वर्षं ते स्वयंपाकघरात बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आले होते. बायको भाजी चिरता चिरता भलत्याच ठिकाणी "मग?" म्हणे, आणि ते चिडत. आता ते तसंच मोठ्यानं वाचत, त्याच भलत्या ठिकाणी थांबत, आणि चिडायला कोणी नाही म्हणून पुढे जात.

सुतार आला. त्यानं फळ्या उचकटल्या, खाली उतरला, तुळईत पटाशी टोचली. पटाशी लोण्यात जावी तशी आत गेली. दुसऱ्या दिवशी तो खाली आडवा पडून टेकू लावत होता आणि अनुस्वार सवयीनं वाचत बसले होते. पुलाची बातमी चालली होती. ते थांबले, आणि जमिनीखालून घोगरा आवाज आला, "मग?"

अनुस्वारांच्या हातातून पेपर गळाला. सुतारानं भोकातून डोकं वर काढून विचारलं, पूल पडला की नाही? अनुस्वारांना उगाचच चष्मा पुसावा लागला.

कामाला जागा हवी म्हणून फ्रिज झोपायच्या खोलीत गेला, पलंगाला अगदी खेटून. डबे पलंगाखाली, भांडी पलंगावर. बायकोला चेहरा पाहून बोलायची सवय. त्यामुळे फोन कुठे धरायचा हा प्रश्न आला. भोक दिसणार नाही, भांडी दिसणार नाहीत अशी एकच जागा उरली होती. लोखंडी पलंगाच्या डोक्याशी टेकून बसायचं, मागे फ्रिजची पांढरी बाजू. अनुस्वार रोज तिथे बसू लागले. सुताराला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलू लागले. पलंगाला अडून फ्रिजचं दार नीट लागत नसे, म्हणून तो मधूनमधून टीं-टीं करी.

बायको विचारी, "आवाज का असा खोल गेलाय?" हे म्हणत, "काही नाही, ठीक आहे सगळं."

एका संध्याकाळी असंच बोलणं चालू असताना सुतार दारात येऊन उभा राहिला. फोन त्याला दिसला नाही. तो म्हणाला, "काका, मी नीट तपासलं. वरून कळत नाही, पण खालचं सगळं कुजलंय. कापूनच काढावं लागेल. घरच्यांना कळवलंय ना?"

अनुस्वारांनी त्याला हातानं गप्प केलं. फोनवर बायको फक्त "जपा" म्हणाली आणि फोन ठेवला. एरवी जुळ्यांच्या खोड्या सांगताना तिला वेळ पुरत नसे. आपल्याशी बोलण्यासारखं हिच्याकडे आता काही राहिलं नाही, असं वाटून अनुस्वार त्या दिवशी जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते भोकात कमरेपर्यंत उभे राहून सुताराला बॅटरी दाखवत होते. सुतार खाली नव्या तुळईला बोल्ट मारत होता. दार ढकलल्याचा आवाज झाला. बायको. हातात बॅग, डोळे रडून सुजलेले. जमिनीतून वर आलेल्या अर्ध्या नवऱ्याकडे ती बघत राहिली.

"कुठे कापलं?" तिनं विचारलं.

"सिंकखाली," अनुस्वार म्हणाले. "भिंतीकडचं राहिलंय."

ती बॅगेवरच बसली. फोनमधल्या पांढऱ्या भिंतीवरून आणि टीं-टींवरून तिनं नवऱ्याला इस्पितळात घातलं होतं आणि सुताराला डॉक्टर केलं होतं. सगळा उलगडा व्हायला वेळ लागला, कारण ती मधूनच हसत होती आणि मधूनच पदरानं डोळे टिपत होती. शेवटी तिनं विचारलं, तुम्ही सिंकखालचा टब ओतत नव्हतात का?

"कुठला टब?"

पाइप कधीपासूनच गळत होता. खाली टब ठेवून ती रोज संध्याकाळी तो रिकामा करायची. सांगितलं कधी नाही. एवढ्याशा गोष्टीत सांगायचं काय? ती गेल्यापासून टब भरून वाहत होता आणि तुळया पाणी पीत होत्या.

संध्याकाळी तिनं मुलीला फोन करून कळवलं, जमीन होईपर्यंत मी इथेच. ते अनुस्वारांनी पलीकडून ऐकलं आणि त्यांची कळी खुलली. पण सुतार जाताना म्हणून गेला, उद्या फळ्या ठोकल्या की संपलं.

सकाळी ती आंघोळीला गेल्याचं पाहून अनुस्वारांनी सुताराला बाजूला घेतलं. भिंतीपलीकडच्या तुळयाही एकदा बघा, म्हणाले, मला नरम वाटतात.

सुतारानं हातोडी ठोकून पाहिली. "ठणठणीत आहेत."

"तरी उघडून बघायला काय हरकत आहे?"

सुतारानं हातोडी खाली ठेवली आणि बाथरूमच्या बंद दाराकडे पाहिलं. "काका, त्या तुळया मी उघडणारच आहे. काकूंनी मघाशी तुम्ही दूध आणायला गेलात तेव्हाच सांगितलंय. त्यांना तर बाहेरची खोलीसुद्धा नरम लागतेय."