लेल्यांचं फडकं

आमच्या शेजारचे लेले दर सोमवारी सकाळी गॅलरीच्या तारेवर वीतभर पांढरं फडकं लावायचे. तेही कोरडंच. रविवारी ते काढून मजल्यावरच्या प्रत्येक दारात दाखवत फिरायचे. "बघा, आठ दिवसांत हा रंग. आपल्या फुप्फुसांचा विचार करा." फुप्फुसांचा विचार करायला आम्हाला एकच रविवार मिळायचा. शिवाय फडक्याच्या कोपऱ्यात बहुतेक वेळा पिवळ्या दोऱ्याने भरलेलं अर्धंमुर्धं बदक असायचं. बदकाच्या फडक्यावर विज्ञान चालवणाऱ्याला किती किंमत द्यायची, ते तुम्हीच ठरवा.

डोंबिवलीत केमिकल कंपन्यांच्या बाजूला राहायचं म्हणजे वास आलाच. आम्ही खिडकी लावून विसरायचो. लेले विसरायचे नाहीत. सरकारी कचेरीत कारकून, पण तोंडी कायम एकच वाक्य, "संशोधन झालंय." कुठे? "परदेशात." कुणी केलं? "शास्त्रज्ञांनी." हा सगळा परदेश वाण्याच्या पुड्यांतून यायचा. शेंगदाणे डब्यात गेले की लेले पुडीचा कागद सरळ करून वाचायला बसायचे. एकदा ॲल्युमिनियमच्या भांड्यांवरचा लेख निम्माच आला. "पुढचं फाटलंय, पण रोख कळतो," म्हणत त्यांनी सगळ्यांना भांडी बदलायला लावली. जोशीवहिनींनी खरंच मोडीत काढली. महिन्याभराने साबुदाण्याबरोबर उरलेला लेख आला. नक्की काही ठरलेलं नाही, असं त्यात होतं. वहिनींनी लेल्यांशी बोलणं टाकलं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास माझ्या मुलीचं बारसं झालं. माझी आई तिला बाजारातून आणलेलं काजळ घालत होती. लेले भरल्या घरात पुढे आले आणि त्यांनी डबी बंद केली.

"यात शिसं असतं. पोरांच्या मेंदूला वाईट. संशोधन झालंय."

आई शांतपणे म्हणाली, "लेले, स्वतःचं मूल वाढवलं असतंत, तर कागद वाचावे लागले नसते."

बायका हसल्या. मीही हसलो, लपवत नाही. लेल्यांनी डबी पाटावर ठेवली आणि घुगऱ्या न घेता घरी गेले. पुढच्या सोमवारी तार रिकामी होती. चला, पीडा टळली, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी लेलेकाकू दारात आल्या. फारशा न बोलणाऱ्या बाई.

"बाळाचा खोकला भिंतीतून ऐकू येतो. दुपटी गॅलरीत वाळत घालू नका, त्यांनी सांगितलंय. आमच्या मागच्या खोलीत दोरी बांधलीय, तिथे घाला."

मी काहीतरी पुटपुटलो. काकू तशाच उभ्या राहिल्या.

"आमची सुमा चार महिन्यांची होती. दम लागायचा. कशाने ते डॉक्टरलाही सांगता येईना. तिची दुपटी मी त्याच तारेवर वाळवायचे. बदकं मीच भरलेली. हे ती दुपटी कापून फडकी करतात. आता एकच उरलंय."

त्या गेल्या. मला माझी फार लाज वाटली.

दुपारी पिळलेल्या दुपट्यांची बादली घेऊन लेल्यांकडे गेलो. मागच्या खोलीतली दोरी त्यांनी खिडकीपासून लांब, कपाटाच्या अंगाला बांधली होती. लेले एकेक दुपटं झटकून नीट पसरत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "काजळ?"

"बंद केलं," मी म्हणालो.

थाप होती. घरी आलो, कापूस ओला केला आणि झोपलेल्या मुलीचे डोळे पुसले. आई समोरच बसली होती. तिने उठून काजळाची डबी केराच्या टोपलीत टाकली.