दोनशे सतरा दुरुस्त्या आणि एक उद्रेक

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव, एप्रिल महिन्याची सव्वीस तारीख, मंगळवार. ऋतू उन्हाळा, आणि तोही असा की दुपारी खिडकीच्या गजाला हात लावला तर तो आपण होऊन मागे येत असे. त्या दिवशी संध्याकाळी माझ्या सुनेने बत्तीस पानांचा एक गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, "आई, ह्याच्यावर जरा नजर टाकाल का?"

मी "टाकते" म्हणाले. एवढाच काय तो माझा अपराध. (पुढे जे घडले त्याला माझे यजमान अपराध म्हणत नाहीत, उद्रेक म्हणतात, पण त्यांच्या शब्दयोजनेवर मी कधीच विसंबून राहिलेले नाही.)

सून प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांचे सगळे रविवार खर्ची घालून तिने मुलांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले होते: ज्वालामुखी कसा तयार होतो आणि तो का फुटतो. हे तिचे पहिलेच पुस्तक. एका लहानशा प्रकाशकाने ते छापायला घेतले होते, आणि ही त्याची प्रुफे, म्हणजे छपाईपूर्वी तपासायची पाने होती. चौदा मेच्या शनिवारी ती परत पोचली, तर शाळा उघडण्याच्या सुमारास पुस्तक हाती येणार होते. न पोचली, तर प्रकाशकाचे यंत्र दुसऱ्या कामाला जुंपले जाणार आणि हा ज्वालामुखी अनिश्चित काळासाठी निद्रिस्त होणार.

आता माझी बाजू. मी जुनी मॅट्रिक. एका छापखान्यात एकतीस वर्षे मुद्रितशोधक होते, आणि स्वतः पडताळल्यावाचून एकही वाक्य मी यंत्रावर चढू दिले नाही. आगगाडीचे वेळापत्रक तपासताना मी घड्याळ घेऊन फलाटावर उभी राहत असे. (गाडी उशिरा आली तर दोष गाडीचा, छापखान्याचा नव्हे, एवढी नोंद करून परत येई.) निवृत्तीनंतर माझी लाल शाईची दौत कोरडी पडत चालली होती. सुनेचा गठ्ठा हाती आला तशी मी दौतीत नवी शाई ओतली.

पहिलेच वाक्य असे: "पृथ्वीच्या पोटात फार फार खोल, खडकसुद्धा वितळतील इतकी उष्णता असते." पृथ्वीला पोट नसते. आणि 'फार' एकदा लिहिल्यावर ते दुसऱ्यांदा लिहून खोली वाढत नाही. दोन दुरुस्त्या. पुढे म्हटले होते की पृथ्वीचे कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, आणि आपली नखे वाढतात तितक्याच सावकाश ते सरकतात. नखे कोणाची? मी यजमानांना पंधरा दिवस नखे कापायची मनाई केली आणि रोज सकाळी चहाच्या वेळी त्यांच्या बोटांना पट्टी लावली. वाढ दीड मिलिमीटर, म्हणजे वर्षाला साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. विधान बरोबर निघाले. (पंधराव्या दिवशी यजमानांनी नेलकटर मागितला, तेव्हा त्यांचा आवाज सुटकेची तारीख विचारणाऱ्या कैद्याचा होता.)

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. विषय तिने सुरेख उलगडला होता. खोलवर वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, भोवतालच्या घट्ट खडकापेक्षा हलका असतो. म्हणून तो वर चढू लागतो आणि वाटेत जागा मिळेल तिथे साठतो. त्यात पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. डोक्यावर खडकांचा प्रचंड दाब आहे तोवर ते मुकाट्याने विरघळून राहतात. शिलारस वर आला आणि दाब कमी झाला, की त्यांचे बुडबुडे होतात, बुडबुडे फुगतात आणि शिलारसाला वर रेटतात. शिलारस पातळ असेल तर वायू सहज निसटतो आणि लाव्हा नुसता ओघळत जातो. दाट असेल तर वायू अडकून पडतो, आणि मग डोंगराचा माथा जागेवर राहील याची खात्री कोणी देऊ नये.

हे सगळे बिनचूक होते. पण याच पानावर 'दाब सुटला की आत गप्प बसलेला वायू एकदम बोलायला लागतो' असेही एक वाक्य होते. वायू बोलत नाही. मी ते कापले.

सून रोज संध्याकाळी शाळेतून आली की पाने बघत असे. पहिले दोन दिवस तिने आभार मानले. तिसऱ्या दिवशी नुसती मान हलवली. नंतर तीही हलेनाशी झाली. माझ्या नऊ वर्षांच्या नातीने मला सांगितले की आईने आता माझ्या टेबलाकडे बघायचे सोडले आहे. मी तिला सांगितले की कामात भावना आणू नये. मंगळवारी, दहा मे रोजी, दुरुस्त्यांचा आकडा दोनशे सतरावर पोचला. त्या संध्याकाळी सून समोर येऊन बसली.

"आई, ह्यात माझं म्हणावं असं आता पानांचे आकडेच उरलेत," ती म्हणाली. आवाज जराही चढलेला नव्हता. "मी उद्या संध्याकाळी प्रकाशकांना पत्र टाकते, पुस्तक छापू नका म्हणून. मला नाही जमलं."

ती उठून गेल्यावर यजमान वर्तमानपत्राआडून म्हणाले, "तू पुस्तक दुरुस्त करत्येस की सून?"

मला खरोखरच वाईट वाटले. माझी समजूत अशी झाली की तिला दुरुस्त्यांचे मोल कळलेले नाही; ते प्रत्यक्ष दाखवून दिले की तिचा धीर परत येईल. पुस्तकात पान बावीसवर 'करून पहा' असा एक प्रयोग होता. तो माझ्या सुधारित सूचनांनुसार पार पाडायचा, आणि सून पत्र टाकण्यापूर्वी तिच्यासमोर यश ठेवायचे, असे मी ठरवले.

मूळ प्रयोग साधा होता. फसफसणाऱ्या पेयाच्या थंड बाटलीभोवती डोंगर रचायचा, झाकण काढायचे, चिमूटभर साखर आत टाकायची आणि मागे सरायचे. सगळे उघड्यावर, गच्चीत करायचे. मी त्यात तीनच ठिकाणी लेखणी चालवली होती. 'थंड' हा शब्द काढला होता, कारण सगळ्यांच्याच घरी फ्रिज नसतो. 'चिमूटभर' काढून 'एक मोठा चमचा' घातले होते, कारण चिमूट प्रत्येकाची निराळी. आणि गच्चीचे वाक्य अख्खे गाळले होते, कारण शास्त्राचे नियम घरात आणि गच्चीत सारखेच लागू होतात.

बुधवारी दुपारी सून शाळेत उत्तरपत्रिका तपासायला गेली होती. मी जेवणाच्या टेबलावर मधोमध बाटली ठेवली. ती सकाळपासून खिडकीत उन्हात होती. पेय संत्र्याच्या रंगाचे होते. ती निवड नातीची, लाव्हा तसाच दिसतो म्हणून. डोंगरासाठी मी वर्तमानपत्राचा लगदा केला. (ते त्या दिवशीचे होते हे मला यजमानांनी मागाहून सांगितले.) प्रयोगाआधी सर्व पाने क्रमाने वाचून दाखवावीत या हेतूने बत्तीसही प्रुफे टेबलावर मांडली आणि उडू नयेत म्हणून त्यांवर वाट्या ठेवल्या. डोक्यावर पंखा पूर्ण वेगात चालू होता. उकाडा फार होता, आणि पंखा बंद करा असे पुस्तकात कुठेच लिहिले नव्हते.

नात म्हणाली, "आजी, आई तर थंड म्हणाली होती."

मी तिला सांगितले की तो शब्द आता पुस्तकात नाही.

यजमानांनी झाकण काढले. बाटली फुसफुसली. मी मोठा चमचा साखर, काठोकाठ सपाट करून, कागदाच्या नरसाळ्यातून एका दमात आत ओतली.

नेमके किती उंच उडाले ते मी सांगू शकत नाही. पट्टी लावायला सवड मिळाली नाही. पंख्यापर्यंत पोचले एवढे निश्चित. तिथून पुढची वाटणी पंख्याने केली, आणि तीही अगदी समसमान: भिंती, पडदे, दिवा, मी. डोंगराचा माथा जागेवर राहिला नाही. लगद्याचे गोळे ज्वालामुखीच्या राखेसारखे खोलीभर पसरले. यजमानांच्या चष्म्यावर क्रीडापानाचा एक तुकडा येऊन चिकटला. तो त्यांनी हातात घेऊन आधी वाचला आणि मग पंखा बंद केला.

छतावरून थेंब पडत होते. नात टेबलाखालून बाहेर आली आणि तिने मला सारे समजावून सांगितले. पेय गरम असले की वायू त्यात नीट विरघळून राहत नाही, बाहेर पडायला टपलेलाच असतो. झाकण काढले म्हणजे दाब गेला. आणि साखरेच्या कणाकणावर बुडबुडे धरतात. चिमूटभर असते तर थोडे धरले असते. "म्हणून आईने लिहिलंय ना," ती म्हणाली, "दाब सुटला की आत गप्प बसलेला वायू एकदम बोलायला लागतो."

एकतीस वर्षांत कोणी माझे कापलेले वाक्य मला तोंडपाठ म्हणून दाखवले नव्हते. आणि ते वाक्य तिला कळले होते.

मग मी प्रुफांकडे पाहिले. पाने भिजून टेबलाला चिकटली होती. छापील मजकूर जसाच्या तसा होता. छापखान्याची शाई पाण्याला दाद देत नाही. माझी लाल शाई मात्र दौतीतली. ती ओघळली, फिकट गुलाबी झाली आणि टेबलाच्या कडेने खाली गेली. दोनशे सतरांपैकी एकही दुरुस्ती वाचता येत नव्हती.

साडेचारला सून आली आणि दारातच थांबली. तिने छत पाहिले, सासऱ्यांना पाहिले, मला पाहिले, मग पाने उचलून पाहिली.

"साखर किती घातलीत?"

"एक मोठा चमचा."

"आणि बाटली?"

"उन्हातली," नातीने सांगून टाकले.

सून खुर्चीत बसली. (खुर्ची चिकट होती, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती.) तिने तोंडावर हात धरला. मला वाटले रडते आहे. ती हसत होती. इतकी, की पाने हातातून खाली ठेवावी लागली.

यजमानांनी दौत आणून माझ्यापुढे ठेवली. माझी स्मरणशक्ती त्यांना ठाऊक आहे. दोनशे सतरा दुरुस्त्या मी डोळे मिटून पुन्हा लिहिल्या असत्या. मी चारच केल्या. उष्णतेच्या आकड्यातली दोन शून्ये छपाईत गळून शिलारस बारा अंशांवर वितळत होता, ती एक. आणि तीन छापखान्यातल्या खिळेजुळणीच्या चुका. लेखिकेची अशी एकही नव्हती.

"पान बावीसवरची तिन्ही वाक्यं तुझीच राहू देत," मी म्हणाले. "ती बरोबर होती. चूक माझी."

"आणि वायू?"

"वायूला बोलू दे."

"आणि फार फार?"

मी लेखणीला टोपण लावले. "फार फारसुद्धा. आणि ते पत्र टाकू नकोस."

पाने गच्चीत दोरीवर चिमटे लावून वाळवली आणि नातीने इस्त्री केली. शनिवारी सून ती स्वतः घेऊन गेली. काही पाने एकमेकांपासून सोडवायला प्रकाशकाला सुरी लागली, पण प्रुफे वेळेवर पोचली. जाण्यापूर्वी तिने पान बावीसच्या तळाशी आपल्या हाताने एक ओळ वाढवली होती, ती तपासायची का असे मी विचारले. नको, ती म्हणाली.

नऊ जूनला, गुरुवारी, पुस्तक छापून घरी आले. पहिली प्रत सुनेने माझ्या हातात दिली. मी तडक पान बावीस उघडले. सगळा प्रयोग जसाच्या तसा होता, आणि खाली ठळक अक्षरांत ती नवी ओळ:

"मुलांनो, घरातली मोठी माणसे हा प्रयोग करत असतील, तर त्यांना एकटे सोडू नका."

मी ती तीनदा वाचली. एकही शब्द जास्त नव्हता.